वाऱ्याचा हिशेब : पवनचक्कीचे परिबल आणि कार्यक्षमता

प्रस्तावना

मध्य प्रदेशातील जबलपूर हे नर्मदाकाठचे शहर. शहराच्या रामपूर भागात ‘शक्तिभवन’ नावाची मोठी वास्तू आहे. राज्यातील वीज निर्माण करणाऱ्या, वाहून नेणाऱ्या आणि तिची खरेदी-विक्री पाहणाऱ्या शासकीय कंपन्यांची मुख्यालये याच परिसरात आहेत. राज्याचे भार प्रेषण केंद्रही जबलपूरलाच आहे. कोणत्या क्षणी किती वीज तयार होत आहे आणि किती वापरली जात आहे, याचा ताळमेळ तेथे रात्रंदिवस घातला जातो.

शहरापासून काही अंतरावर नर्मदेवर बरगी धरण आहे. त्याच्या जलाशयाला राणी अवंतीबाई लोधी सागर असे नाव दिलेले आहे. धरणाच्या पायथ्याशी ४५ मेगावॅटचे दोन जलविद्युत संच आहेत. म्हणजे पाण्याची वीज जबलपूरच्या अंगणातच तयार होते. वाऱ्याची वीज मात्र दुरून येते. मध्य प्रदेशातील पवनचक्क्या देवास, रतलाम, मंदसौर अशा पश्चिमेकडील जिल्ह्यांत, माळव्याच्या पठारावर उभ्या आहेत. देवासजवळची जामगोदराणीची टेकडी त्यासाठी प्रसिद्ध आहे. जबलपूरच्या परिसरात अशी पवनक्षेत्रे नाहीत.

असे का? ‘येथे वारा कमी आहे’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. वारा तर जबलपूरलाही वाहतो. उन्हाळ्यात धुळीची वावटळ उठते, पावसाळ्यात झाडे वाकतात. मग वारा किती कमी असला म्हणजे पवनचक्की परवडत नाही? चक्र किती मोठे असावे? वाऱ्यातील किती शक्ती आपल्या हाती येते आणि उरलेली कोठे जाते? या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने मिळत नाहीत. त्यांचा हिशेब मांडावा लागतो. तो अवघड नाही. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही तो करता येतो. या पाठात आपण तोच हिशेब पायरीपायरीने शिकणार आहोत.

१. वाऱ्यात शक्ती किती असते?

वाहणारी हवा म्हणजे वारा. हवेला वजन असते आणि वाऱ्याला वेग असतो. म्हणून त्याच्या ठिकाणी गतिज ऊर्जा असते. फिरणारी पाती जेवढे वर्तुळ व्यापतात, तेवढीच वाऱ्याची वाट आपण विचारात घेऊ. त्या वर्तुळातून दर सेकंदाला जी हवा जाते, तिचे वस्तुमान तीन गोष्टींच्या गुणाकाराइतके असते : हवेची घनता, वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग. या हवेच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये वेगाच्या वर्गाच्या निम्मी गतिज ऊर्जा असते. या दोहोंचा गुणाकार केला की सूत्र मिळते :

वाऱ्यातील शक्ती = १/२ × घनता × क्षेत्रफळ × वेगाचा घन

येथे घनता किलोग्रॅम प्रति घनमीटर, क्षेत्रफळ चौरस मीटर आणि वेग मीटर प्रति सेकंद या एककांत घेतला, तर शक्ती वॅटमध्ये येते.

‘वेगाचा घन’ हे शब्द नीट ध्यानात घ्यावेत. वेग एकदा येतो तो हवेच्या प्रमाणासाठी, कारण वारा जोराचा असेल तर तेवढ्याच वेळात अधिक हवा येते. आणखी दोनदा येतो तो तिच्या ऊर्जेसाठी. असा तो तीन वेळा गुणला जातो. वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते.

समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअस तापमानात, हवेची घनता १.२२५ असते. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. तेथे तापमान ३० अंशांच्या आसपास असेल, तर घनता सुमारे १.१ भरते. उंची आणि उष्णता यांमुळे हवा विरळ होते, हे त्याचे कारण.

*उदाहरण १.* जबलपुरात एका चौरस मीटरमधून जाणाऱ्या वाऱ्याची शक्ती काढा; वेग (अ) ४ मीटर प्रति सेकंद, (आ) ८ मीटर प्रति सेकंद.

(अ) १/२ × १.१ × १ × ६४ = सुमारे ३५ वॅट.
(आ) १/२ × १.१ × १ × ५१२ = सुमारे २८२ वॅट.

पहिल्या वाऱ्यातली सगळी शक्ती हाती आली, तरी तिच्यावर साधा मोठा दिवादेखील लागणार नाही. जबलपूर आणि माळव्याचे पठार यांत हाच फरक आहे. वाऱ्याच्या वेगात दिसणारे अंतर लहान असते, पण घन केल्यावर ते फार मोठे होते.

आता नर्मदेकडे पाहू. पाण्याची घनता १,००० आहे. ३ मीटर प्रति सेकंद वेगाने धावणाऱ्या पाण्याच्या एका चौरस मीटर प्रवाहात १/२ × १,००० × २७ = १३,५०० वॅट शक्ती असते. तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यात ती अवघी १५ वॅट असते. पाण्याचे टर्बाइन आटोपशीर असते आणि वाऱ्याचे चक्र आकाशाला भिडते, याचे मूळ या एका आकड्यात आहे. हवा विरळ आहे. म्हणून तिला पकडायला मोठे जाळे लागते.

२. सगळा वारा का पकडता येत नाही?

पवनचक्की वाऱ्याची ऊर्जा घेते म्हणजे वाऱ्याला मंद करते. मग प्रश्न असा की, वाऱ्याला पूर्ण थांबवले तर त्याची सर्व ऊर्जा मिळणार नाही का?

भेडाघाटला कार्तिक पौर्णिमेची जत्रा भरते. अशा जत्रेतील एखाद्या अरुंद वाटेची कल्पना करा. वाटेतून पुढे गेलेली माणसे जर तेथेच खिळून राहिली, तर मागच्यांना आत शिरायला जागा उरणार नाही. ती वाट टाळून बाजूने निघून जातील. वाऱ्याचेही तसेच आहे. चक्रामागची हवा थांबली, तर पुढची हवा चक्रात येणार नाही, कडेने वळसा घालून जाईल. याउलट, वाऱ्याला मुळीच न अडवता जाऊ दिले, तर हवा भरपूर येईल, पण तिच्याकडून काही मिळणार नाही. लाभाचा बिंदू या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असला पाहिजे.

तो बिंदू जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये गणिताने दाखवून दिला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा : चक्रातून जाताना हवेचा वेग हा येणाऱ्या वेगाची आणि जाणाऱ्या वेगाची सरासरी असतो. मिळणारी ऊर्जा ही या दोन वेगांच्या वर्गांतील फरकावर अवलंबून असते. जाणाऱ्या वेगाचे येणाऱ्या वेगाशी असलेले गुणोत्तर ‘ग’ मानले, तर

हाती येणारा अंश = १/२ × (१ + ग) × (१ − ग²)

‘ग’च्या जागी निरनिराळ्या किमती घालून पाहू.

ग = १ (वारा अडवलाच नाही) : ० टक्के
ग = १/२ : ५६.३ टक्के
ग = १/३ : ५९.३ टक्के
ग = १/४ : ५८.६ टक्के
ग = ० (मागचा वारा पूर्ण थांबवला) : ५० टक्के

सर्वाधिक लाभ वारा मूळ वेगाच्या एक-तृतीयांशावर आणला असता होतो. तेव्हाचा अंश १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के असतो. या मर्यादेला ‘बेट्झची मर्यादा’ म्हणतात. पाती कोणत्याही धातूची असोत, यंत्र कोणत्याही देशाचे असो, उघड्या वाऱ्यात फिरणाऱ्या चक्राला ही मर्यादा ओलांडता येत नाही. कारागिरीतील उणिवेमुळे ती आलेली नाही. वाऱ्याला पुढे जायला वाट हवी, या साध्या गरजेतून ती आली आहे.

प्रत्यक्षातील चक्र या मर्यादेच्याही खाली राहते. पात्यांवर हवेचे घर्षण होते, टोकांपाशी भोवरे निर्माण होतात, मागची हवा गरगर फिरू लागते. या साऱ्यांत काही ऊर्जा जाते. वाऱ्यातील एकूण शक्तीपैकी जेवढा भाग चक्राच्या आसावर मिळतो, त्या अंशाला चक्राचा ‘शक्तिगुणांक’ म्हणतात. चांगल्या बनावटीच्या मोठ्या चक्राचा शक्तिगुणांक ०.४० ते ०.५० च्या दरम्यान असतो, तर लहान चक्रांचा बहुधा ०.२५ ते ०.३५ असतो.

३. परिबल म्हणजे काय?

शक्ती किती मिळाली हे कळले. पण आस, दंतचक्रे आणि जनित्र यांची रचना करणाऱ्या अभियंत्याला आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते : चक्र आसाला किती जोराने पिळते? या पिळणाऱ्या, फिरवणाऱ्या परिणामाला परिबल म्हणतात. कारखान्यांत त्यालाच टॉर्क असे म्हणण्याची पद्धत आहे.

परिबलाचा अनुभव घरोघरी होता. जात्याचा खुंटा मधोमध कधीच नसतो. तो कडेला बसवलेला असतो. आसापासून जितका दूर, तितके जाते फिरवणे सोपे. उसाच्या चरकाला बैल जुंपत ते लांब दांड्याच्या टोकाला, त्याचेही कारण हेच. लावलेले बल आणि आसापासून त्या बलापर्यंतचे लंब अंतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल. बल न्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये मोजले, तर परिबल न्यूटन-मीटरमध्ये मिळते.

मात्र नुसते परिबल म्हणजे काम नव्हे. अडकलेल्या जात्याला कितीही रेटा दिला आणि ते हललेच नाही, तर पीठ पडत नाही. पिळण्याबरोबर फिरणेही हवे. म्हणून,

शक्ती = परिबल × कोनीय वेग
म्हणजेच, परिबल = शक्ती ÷ कोनीय वेग

कोनीय वेग म्हणजे फिरण्याचा वेग. तो रेडियन प्रति सेकंद या एककात घेतात. एका पूर्ण फेऱ्यात सुमारे ६.२८ रेडियन असतात. मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना ६.२८ ने गुणून ६० ने भागले की कोनीय वेग मिळतो.

चक्र किती वेगाने फिरावे, हे ठरवण्यासाठी आणखी एक संख्या उपयोगी पडते. पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या कितीपट आहे, ते ती सांगते. तिला ‘टोकवेगाचे गुणोत्तर’ म्हणू. तीन पात्यांच्या आधुनिक चक्रात ते सहा ते आठच्या आसपास ठेवतात. वाऱ्यावर चालणारे पाते वाऱ्याहून अधिक वेगाने कसे फिरते, असा प्रश्न येथे पडेल. असे पाते वाऱ्याच्या धक्क्याने ढकलले जात नाही. त्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. पंखाला हवेमुळे जशी उचल मिळते, तशीच उचल पात्याला आडव्या दिशेने मिळते आणि ते वाऱ्याच्या दिशेला काटकोनात धावते. म्हणून त्याला वाऱ्याच्या वेगाचे बंधन नसते.

४. एका चक्राचा पूर्ण हिशेब

महाराष्ट्रात साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार आणि पाटण तालुक्यातील वनकुसवडेचे पठार ही पवनचक्क्यांची ठिकाणे सर्वपरिचित आहेत. नैऋत्य मोसमी वारा समुद्रावरून येतो, सह्याद्रीच्या भिंतीवर चढतो आणि माथ्यावरून जाताना दाटून वेगवान होतो. पठार हजार मीटरहून अधिक उंच असल्यामुळे हवा काहीशी विरळ असते. तिची घनता सुमारे १.०५ धरू. पण वाऱ्याचा वाढलेला वेग ही उणीव पुष्कळ पटींनी भरून काढतो.

*उदाहरण २.* अशा पठारावरील एका चक्राचा व्यास ३४ मीटर आहे. वाऱ्याचा वेग ९ मीटर प्रति सेकंद, शक्तिगुणांक ०.४२ आणि टोकवेगाचे गुणोत्तर ६ आहे. शक्ती, फेरे आणि परिबल काढा.

पहिली पायरी : क्षेत्रफळ. त्रिज्या १७ मीटर. ३.१४१६ × १७ × १७ = सुमारे ९०८ चौरस मीटर.

दुसरी पायरी : वाऱ्यातील शक्ती. १/२ × १.०५ × ९०८ × ७२९ = सुमारे ३,४७,५०० वॅट, म्हणजे ३४७.५ किलोवॅट.

तिसरी पायरी : बेट्झच्या मर्यादेनुसार जास्तीत जास्त ३४७.५ × ०.५९३ = सुमारे २०६ किलोवॅट मिळू शकतील.

चौथी पायरी : आसावर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती. ३४७.५ × ०.४२ = सुमारे १४६ किलोवॅट.

पाचवी पायरी : फिरण्याचा वेग. टोकाचा वेग ६ × ९ = ५४ मीटर प्रति सेकंद. त्याला त्रिज्येने भागले की कोनीय वेग ५४ ÷ १७ = ३.१८ रेडियन प्रति सेकंद. म्हणजे मिनिटाला सुमारे ३० फेरे.

सहावी पायरी : परिबल. १,४६,००० ÷ ३.१८ = सुमारे ४६,००० न्यूटन-मीटर.

हे परिबल केवढे असते? आसाला एक मीटर लांबीचा आडवा दांडा जोडून त्याच्या टोकाला सुमारे ४,७०० किलोग्रॅम वजन टांगले, तर जेवढा पीळ बसेल तेवढे. जमिनीवरून पाहताना चक्र संथपणे फिरताना दिसते, पण त्याच्या आसावर एवढा भार असतो. म्हणूनच तो आस जाड पोलादाचा करावा लागतो.

आता पुढचा टप्पा पाहू. प्रचलित प्रकारच्या जनित्राला मिनिटाला सुमारे १,५०० फेरे लागतात आणि चक्र तर ३० फेरेच देते. म्हणून मध्ये दंतचक्रांची पेटी बसवतात. तिला गिअरबॉक्स म्हणतात. ती फेरे सुमारे पन्नासपट वाढवते. पण शक्ती तीच असल्यामुळे परिबल पन्नासपट घटते. जनित्राच्या बाजूला १,५०० फेऱ्यांचा कोनीय वेग १५७ रेडियन प्रति सेकंद होतो आणि परिबल १,४६,००० ÷ १५७ = सुमारे ९३० न्यूटन-मीटर उरते. सायकलच्या मोठ्या दातेरी चाकावर जोर लावावा लागतो आणि मागचे लहान चाक भराभर फिरते, तसाच हा व्यवहार आहे.

या प्रवासातही काही शक्ती गळते. दंतचक्रांची कार्यक्षमता ९७ टक्के आणि जनित्राची ९५ टक्के धरली, तर हाती येणारी वीज १४६ × ०.९७ × ०.९५ = सुमारे १३४.५ किलोवॅट. वाऱ्यात ३४७.५ किलोवॅट होते. म्हणून संपूर्ण यंत्राची कार्यक्षमता १३४.५ ÷ ३४७.५, म्हणजे सुमारे ३८.७ टक्के भरते. हा आकडा ऐकायला कमी वाटतो. पण ५९.३ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही हे लक्षात घेतले, तर मिळू शकणाऱ्या शक्तीपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश आपण मिळवले, असे म्हणता येते.

*पाठगत प्रश्न.* याच चक्रावर वाऱ्याचा वेग ९ वरून ४.५ मीटर प्रति सेकंद झाला आणि इतर गुणोत्तरे तीच राहिली, तर शक्ती व परिबल किती होतील? (उत्तर : शक्ती आठव्या हिश्शावर, म्हणजे सुमारे १८ किलोवॅट, फेरे निम्मे, म्हणून परिबल चौथ्या हिश्शावर, म्हणजे सुमारे ११,५०० न्यूटन-मीटर.)

५. पाती जास्त की वेग जास्त?

पाती जितकी अधिक, तितकी वीज अधिक, असा समज स्वाभाविक आहे. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी १८८८ मध्ये वीज निर्माण करणारी मोठी पवनचक्की उभारली. तिच्या चक्राचा व्यास १७ मीटर होता आणि त्याला लाकडाची १४४ पाती होती; तरी ती सुमारे १२ किलोवॅटच वीज देई. पुढे डेन्मार्कमध्ये पोल ला कूर या शिक्षकाने १८९१ पासून आस्कोव्ह येथे प्रयोग केले. वीजनिर्मितीसाठी थोड्या पात्यांचे, वेगाने फिरणारे चक्र अधिक योग्य असते, असे त्यांना आढळले.

मग अनेक पात्यांची चक्रे निरुपयोगी होती का? मुळीच नाही. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीला अशीच पाती असतात आणि त्यामागे कारण आहे.

*उदाहरण ३.* ३ मीटर व्यासाची दोन चक्रे ५ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात आहेत. घनता १.१. दोन्ही वर्तुळांतील वाऱ्याची शक्ती १/२ × १.१ × ७.०७ × १२५ = ४८६ वॅट.

पहिले चक्र अनेक पात्यांचे : शक्तिगुणांक ०.२५, टोकवेगाचे गुणोत्तर १. शक्ती सुमारे १२२ वॅट. कोनीय वेग ५ ÷ १.५ = ३.३३, परिबल सुमारे ३६.५ न्यूटन-मीटर.

दुसरे चक्र तीन पात्यांचे : शक्तिगुणांक ०.३६, टोकवेगाचे गुणोत्तर ६. शक्ती सुमारे १७५ वॅट; कोनीय वेग ३० ÷ १.५ = २०; परिबल सुमारे ८.७५ न्यूटन-मीटर.

दुसरे चक्र शक्ती अधिक देते, पण पहिल्याचे परिबल त्याच्या चौपटीहून अधिक आहे. पाण्याच्या पंपाचा दांडा पहिल्या क्षणापासून भाराने जखडलेला असतो. त्याला हलवायला मोठे परिबल लागते. जनित्राला मोठा पीळ नको, वेग हवा. म्हणून शेतकऱ्याची पवनचक्की अनेक पात्यांची आणि वीजनिर्मितीची तीन पात्यांची. सर्वांत अधिक परिबल आणि सर्वांत अधिक शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती हवी, हे चक्राकडून कोणते काम घ्यायचे आहे त्यावरून ठरते.

६. छपरावरची पवनचक्की : एक सावध हिशेब

घरावर बसवण्याच्या लहान पवनचक्क्या बाजारात मिळतात. त्यांच्या पाटीवर शक्तीचा आकडा छापलेला असतो. तो वाचताना आपला हिशेब उपयोगी पडतो.

समजा, २ मीटर व्यासाच्या पवनचक्कीवर ‘८०० वॅट’ असे लिहिले आहे. तिचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. वाऱ्याचा वेग ११ मीटर प्रति सेकंद असेल, तर वाऱ्यातील शक्ती १/२ × १.१ × ३.१४ × १,३३१ = सुमारे २,३०० वॅट; शक्तिगुणांक ०.३५ धरल्यास ८०५ वॅट. म्हणजे पाटी खोटी नाही. पण ११ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटर. असा वारा आपल्या छपरावर वर्षातून किती तास असतो?

छपरावरील वारा ४ मीटर प्रति सेकंद असेल, तर शक्ती १/२ × १.१ × ३.१४ × ६४ = ११० वॅट; शक्तिगुणांक ०.३० धरला तर हाती ३३ वॅट. दिवसभर असाच वारा राहिला, तर ०.८ युनिट वीज. पाटीवरच्या आकड्याचा हा चोविसावा हिस्सा आहे.

येथे एक दुरुस्ती करणे न्याय्य ठरेल. वारा एकसारखा नसतो. अर्धा दिवस २ आणि अर्धा दिवस ६ मीटर प्रति सेकंद वाहिला, तरी सरासरी ४ च येते. पण घनांची सरासरी ८ आणि २१६ यांची, म्हणजे ११२ होते, ६४ नव्हे. म्हणून प्रत्यक्ष ऊर्जा सरासरी वेगावरून काढलेल्या ऊर्जेहून अधिक असते. वरील उदाहरणात पावणेदोनपट. तरीही दिवसाची वीज १.४ युनिटच्या पुढे जात नाही. शिवाय शेजारच्या इमारती आणि झाडे यांमुळे छपरावरचा वारा तुटक आणि भोवऱ्यांचा असतो, त्याची वजावट वेगळीच.

आणि कोणी असे सांगितले की, ‘आमची २ मीटरची पवनचक्की ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात ५०० वॅट देते,’ तर त्या वाऱ्यात मुळात १/२ × १.१ × ३.१४ × १२५ = २१६ वॅटच आहेत, एवढे पाहिले की पुरे. जे वाऱ्यात नाही, ते चक्र कोठून देणार? घरातील कष्टाचा पैसा गुंतवण्यापूर्वी कागदावरच्या दोन ओळी असे नुकसान टाळू शकतात.

उंचीचाही विचार करावा. मोकळ्या सपाट प्रदेशात जमिनीपासून १० मीटरवर जो वेग असतो, तो ८० मीटरवर साधारण एक-तृतीयांशाने वाढतो. त्याचा घन केला की शक्ती सुमारे २.४ पट होते. मोठ्या पवनचक्क्यांचे मनोरे उंच का असतात, याचे हे उत्तर आहे. देशात कोठे, किती उंचीवर, किती वारा आहे याची मोजणी चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था करते.

७. हिशेब चुकला तर?

भारतात विजेच्या जाळ्याला जोडलेली पहिली पवनक्षेत्रे १९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडू यांच्या किनारी भागांत उभी राहिली. त्यांतील यंत्रे ५५ किलोवॅटची होती. आज एकेक यंत्र काही मेगावॅटचे असते. यंत्रे वाढली, तसा हिशेबाचा भारही वाढला.

जबलपूरच्या भार प्रेषण केंद्रासारख्या ठिकाणी उद्या वाऱ्याची वीज किती मिळेल, याचा अंदाज आदल्या दिवशी लागतो. समजा, माळव्यात ८ मीटर प्रति सेकंद वारा असेल असा अंदाज होता आणि प्रत्यक्षात तो ७ निघाला. वेगातील चूक आठवा हिस्सा. पण ७ चा घन ३४३ आणि ८ चा ५१२. म्हणजे वीज सुमारे एक-तृतीयांशाने कमी. ही तूट त्याच घटकेला दुसरीकडून भरून काढावी लागते, नाहीतर विजेच्या जाळ्याचा समतोल बिघडतो. जलविद्युत संच काही मिनिटांत चालू करता येतात किंवा त्यांची निर्मिती वाढवता येते, म्हणून अशा वेळी ते फार उपयोगी पडतात. वाऱ्याची वीज आणि पाण्याची वीज यांचे नाते असे परस्परपूरक आहे.

वारा कोणाच्या मालकीचा नाही आणि त्याला दाम पडत नाही, हे खरे. परंतु त्याला पकडणारे चक्र, मनोरा, आस आणि तारा यांना दाम पडतो. तो दाम वसूल होईल की नाही, हे ठिकाणाच्या निवडीवर ठरते. जबलपूरने पाण्याची वीज जवळ ठेवली आणि वाऱ्याची वीज माळव्यातून घेतली, यात निसर्गाने घातलेली ही घनाची अट पाळलेली आहे.

स्वाध्याय

१. ‘पवनचक्कीची कार्यक्षमता ५९.३ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही.’ या विधानाचे कारण स्वतःच्या शब्दांत, एखादा परिचित दाखला देऊन स्पष्ट करा.

२. जात्याचा खुंटा कडेला का असतो? या उदाहरणाचा पवनचक्कीच्या परिबलाशी संबंध सांगा.

३. ६ मीटर व्यासाच्या चक्रावर ६ मीटर प्रति सेकंद वेगाचा वारा येतो. घनता १.१, शक्तिगुणांक ०.३५ आणि टोकवेगाचे गुणोत्तर ५ आहे. आसावरील शक्ती आणि परिबल काढा. (उत्तर : सुमारे १,१७५ वॅट, सुमारे ११७.५ न्यूटन-मीटर.)

४. तुमच्या गावात पवनचक्की बसवावी असा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला आहे, अशी कल्पना करा. निर्णय घेण्यापूर्वी कोणती माहिती मागवाल आणि कोणता हिशेब कराल, ते दहा ओळींत लिहा.